मामांचं नाव भट्टीत

सासऱ्यांच्या छातीत जाळी बसवायची होती दुपारी चार वाजता, आणि त्यांचं नाव भट्टीत गेलं सकाळी अकरा वाजता. घातलं मी.

आता कोणी म्हणेल, नाव कसं भट्टीत जाईल? तर सांगते. नाव कोरलेलं पितळी भांडं तसंच्या तसं मोडीत द्यायचं नाही, ही माझ्या सासूबाईंची म्हणजे आत्याबाईंची रीत. आधी पाटावर बसायचं. भांडं मांडीवर घ्यायचं. आत बघायचं, बाहेर बघायचं. मग कानशीने नाव घासघासून काढायचं, बोट फिरवून खात्री करायची आणि मगच ते मोडीच्या पोत्यात टाकायचं. कारण मोड शेवटी भट्टीत जाते आणि जित्या माणसाचं नाव आगीत जाता कामा नये! "येक दिवस जायाचंच हाय की. आधीच कशाला धाडायचं?" एवढंच त्यांचं म्हणणं. त्यासाठी आमच्या स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात एक कानस कायमची पडलेली असते. (लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, करपलेली भाकरी खरवडायला असेल.)

मी मंगल. घोडेगावात राहते. मला पसारा सहन होत नाही, आणि ज्यांना होतो ती माणसं तर मुळीच सहन होत नाहीत. त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या स्वच्छतेच्या बैठकीत मी बायकांपुढे चांगलं अर्धा तास भाषण ठोकलं होतं. "बायांनो, माळ्यावरचं जुनं पितळ खाली काढा! ते तिथं काळं पडत बसतं. मोडीत दिलं तर वितळून त्याची नवी वस्तू होते. आणि नाही दिलं, तर नव्या पितळासाठी कुठला तरी डोंगर फोडावाच लागतो!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही, हा माझा जुना आजार आहे.

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, आमचे हे आदल्या दिवशी नगरच्या दवाखान्यात घेऊन गेले. सोबत आत्याबाई. छातीत दोन ठिकाणी अडकलंय, जाळी बसवायची, पुण्याहून मोठे डॉक्टर येणार, चारला काम आणि पाचला डॉक्टर परत. ते एकदा गेले की आठवड्याने येणार, आणि इथले डॉक्टर म्हणत होते की आठवडा थांबणं बरं नाही. मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन जायचं ठरलं. म्हणजे घर एक आख्खा दिवस माझ्या एकटीच्या ताब्यात! लग्नानंतर पहिल्यांदाच! मी पदर खोचला आणि शिडी लावली.

माळ्यावरून तळ गेलेली कळशी निघाली, कान तुटलेली परात निघाली, एक भला मोठा हंडा निघाला. हंड्यात कसलंसं फडकं कोंबलेलं होतं. मी म्हटलं, असू दे, भांडी खडखडणार नाहीत. त्याच्यावर वाट्या, फुलपात्री, जे दिसेल ते रचलं. शेवटी ओसरीवर आले तर मामांच्या खाटेखाली त्यांचा तांब्या. एका अंगाला चेपलेला, बुडाला कथलाचा डाग दिलेला, तरी झिरपायचा तो झिरपायचाच. गळ्याभोवती ठिपक्यांनी कोरलेलं, 'चि. रंगनाथ यास मामाकडून'. मामांच्या लग्नात त्यांच्या मामांनी दिलेला. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितल्यापासून ते बाटलीने पाणी पीत होते. म्हणजे तांब्या बिनकामाचा. टाकला हंड्यात!

कानस आठवली नाही असं नाही. खण उघडला, तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि खण लावून टाकला. सात-आठ भांड्यांवर नावं. घासत बसले असते तर संध्याकाळ झाली असती, आणि भांड्यांच्या दुकानात कुकरवर माझा डोळा होता. भांड्यांचे दुकानदार सुभाषशेठ यांनी मोड घेतली आणि मी नवा कोरा कुकर घेऊन घरी आले. रात्री त्यात वरणभात केला. काय सुंदर शिट्टी होती!

सकाळी साडेदहाला डबा भरत होते तर ह्यांचा फोन.

"मंगल, येताना आबांचा तांब्या आण." (हे मामांना आबा म्हणतात.)

माझ्या हातातला डाव खाली पडला.

"कशाला? बाटली दिलीये की!"

"ते म्हणतात, आत जायच्या आधी घोटभर पाणी माझ्याच तांब्यातलं पिईन. डॉक्टर घोटभर चालेल म्हणाले. खाटेखाली आहे बघ."

"बघते," म्हणाले. आणि खरंच जाऊन खाटेखाली बघितलं! स्वतः दिलेला तांब्या खाटेखाली शोधणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. वाकून वाकून बघत होते. तेवढ्यात पलीकडून फोन आत्याबाईंनी घेतला. आत्याबाईंना खोटं लगेच कळतं.

"मंगल, तांब्या कुटं हाय?"

"आहे की... म्हणजे होता..."

"मोडीत दिला?"

मी खाटेखाली आणखी वाकून बघितलं.

"बरं, दिला तर दिला. गळका हुता. नाव घासलंस ना?"

"आत्याबाई, कुकर इतका छान मिळाला ना..."  एवढ्यावरून आत्याबाईंना सगळं कळलं.  मग त्या लांब कोणाशी तरी बोलल्या, "अवो, ऐकलं का? सुनेनं तुमचं नाव भट्टीला लावलं!"

आणि मागून मामांचा आवाज, खणखणीत. इतका खणखणीत आवाज छातीत अडकलेल्या माणसाचा नसतो. "मग आज न्हाई! तांब्या आल्याबिगर मी सही करनार न्हाई! न्या मला घरी!"

ह्यांनी फोन परत घेतला. "मंगल, काय करायचं ते कर, पण तांब्या आण. चारच्या आत." इतकं हळू बोलले. हे चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी तशीच चपला अडकवून सुभाषशेठच्या दुकानात. "शेठ, माझी मोड!"

"अहो वहिनी, गेली की! सकाळी आठला टेम्पो भरला. नगरच्या एमआयडीसीत जाते भट्टीवर."

"फोन लावा!"

लावला. वाजत राहिला. "भट्टी चालू असली की आवाजात कोणाला ऐकू येत नाही," शेठ शांतपणे म्हणाले. "लहान भांडी मी काल चेपूनच टाकली. हंडा तेवढा मोठा, तो तसाच टेम्पोत घातला. काय विसरलंय का वहिनी त्यात?"

काय विसरलंय! सासऱ्यांचा जीव विसरलाय, असं सांगायला तोंड होतं का मला?

बाहेर आले तर त्या दिवशी नेमका जनावरांचा बाजार. रस्ता म्हशींनी गच्च. एसटी फाट्यावरच अडकलेली, रिक्षा नाही, काही नाही. आणि समोर आमचे शेजारी संपतभाऊ पिकअप चालू करून उभे. मागे एक काळीभोर मुऱ्हा म्हैस.

"भाऊ, नगरला चाललात?"

"जेऊरपर्यंत. गिऱ्हाइकाची म्हैस सोडायची हाय."

"मला नगरला सोडा. एमआयडीसीत. मामांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"म्हातारा तर दवाखान्यात हाय, मंग एमआयडीसीत काय करती तू?"

गाडीत बसून सगळं सांगितलं. संपतभाऊंनी ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले, "आरारारा! नाव न घासता?" म्हणजे ही रीत सगळ्या आळीला पाठ होती, विसरणारी मी एकटीच! मग त्यांनी गाडी अशी काढली की पांढरीपूल कधी मागे पडला कळलं नाही. इमामपूरच्या घाटात मात्र म्हैस आडवी बसली. गाडी एका अंगाला झुकायला लागली. संपतभाऊ म्हणाले, "आता उठवली तर बिथरंल. दमानं घ्यावं लागंल." आणि आम्ही बैलगाडीच्या चालीने घाट चढू लागलो. दर पाच मिनिटांनी ह्यांचा फोन. "कुठे पोचलीस?" आता मी काय सांगू, म्हैस बसलीये म्हणून? "आलेच," म्हणत होते. दर वेळी "आलेच". जेऊरला म्हैस उतरवून घेणाऱ्याने तिचे दात तपासले, कास तपासली, शेपूट तपासली. मी गाडीतून ओरडले, "अहो दादा, चांगली आहे म्हैस! घ्या आणि जा!" तो म्हणाला, "ताई, घेताना बघून घ्यावं लागतं."  मी आदल्या दिवशी देताना बघितलं नव्हतं.

एमआयडीसीत पोचेपर्यंत तीन वाजायला आले. भट्टी म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. दारातच पितळाचा डोंगर. चार बाया बसून एक एक तुकडा निवडत होत्या. हातात लोहचुंबक. चिकटलं की ते बाजूला, म्हणजे लोखंड. कानशीचा एक घसारा मारून रंग बघायचा: पिवळं इकडे, तांबूस तिकडे. डाग दिलेलं बूड छिन्नीने तोडून वेगळं. आत जमिनीत खड्डा, खड्ड्यात रसरसलेली मूस, म्हणजे पितळ वितळवायचं भांडं, आणि वर जस्ताचा पांढरा धूर. उष्णतेने तोंड भाजत होतं. मालक यासीनभाई, पांढरी दाढी, कपाळावर चष्मा.

"भाऊ, घोडेगावची मोड! सुभाषशेठची! त्यात एक तांब्या होता, नाव घातलेला!"

"आली सकाळी. त्यातलं लहान सामान पहिल्या मुशीत गेलं, अकराच्या सुमाराला. मोठं राहिलंय. लाईट नाही, चेपायची प्रेस बंद, म्हणून अख्खंच टाकतोय आता." त्यांनी बोट दाखवलं.

आणि बघते तर काय, दोघं जण चिमट्यात धरून माझा हंडा भट्टीकडे नेत होते! तोच हंडा, तेच कोंबलेलं फडकं! माझ्या डोक्यात एकच आलं, तांब्या मी हंड्यातच टाकला होता. शेठने काढला नसेल! असेल आत!

"थांबा! थांबा! माझे सासरे आहेत त्यात!"

सगळी भट्टी थांबली. हंडा धरलेल्यातला एक जण इतका घाबरला की त्याने हंडा खाली ठेवून आधी हात जोडले. मी धावत गेले, फडकं उपसलं, आत हात घातला. तळाशी काहीतरी लागलं. गोल, जड. जीव भांड्यात पडला! काढून बघितलं.

तांब्या नव्हता. फडक्याखाली दडलेला एक लहानसा गडू. तोंड डाग देऊन बंद केलेला. हलवला तर आत खळ्खळ् वाजलं.

यासीनभाईंनी तो माझ्या हातातून घेतला. कानाशी धरून हलवला. त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला, दाढीसारखाच.

"ताई, ह्यात पाणी हाय."

"गंगेचं असेल. आत्याबाई काशीला गेल्या होत्या."

"गंगेचं असो नाही तर नळाचं." त्यांनी गडू दोन्ही हातांत धरला होता, लेकराला धरतात तसा. "वितळलेल्या पितळात बंद भांड्यातलं पाणी गेलं ना, की क्षणात त्याची वाफ होती. सगळी मूस उडती वर. भट्टीवरचे हे चौघं त्या कडेला उभे असतात. मी पण."

मी त्या चौघांकडे बघितलं. त्यातला एक अगदी नुकती मिसरूड फुटलेला होता. मी तिथेच पितळाच्या ढिगावर बसले आणि रडायला लागले. तांब्यासाठी नाही हो! मी बैठकीत भाषण ठोकणारी बाई, आणि दोन मिनिटं उशीर झाला असता तर माझ्या नीटनेटकेपणाने पाच माणसं गेली असती. 

एका निवडणाऱ्या बाईने मला पाणी आणून दिलं. म्हणाली, "तांब्या मी बघितला हुता. 'रंगनाथ' होतं त्याच्यावर, माझ्या भावाचं नाव, म्हणून ध्यानात राहिलं. बूड तोडलं आन् टाकला. गेला तो." मग मी रडत रडत नाव न घासल्याची आणि चार वाजताची सगळी कथा सांगितली.

यासीनभाई हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या सासूबाई शहाण्या हायेत. नाव घासायचं म्हटलं की भांडं हातात घ्यावं लागतं, आत बघावं लागतं. नाव घासलं असतं तर हा गडू आधीच घरी सापडला असता. आम्हाला अशी तपासून मोड देणारं घर एक पण मिळत नाही. लोक काय काय टाकतात! लोखंड, शिसं, एकदा तर कोणाच्या दाताची कवळी."

"पण नाव आगीत गेलं ना!"

"ताई, इथं रोज नावं जातात. माझ्या स्वतःच्या लग्नाची परात माझ्या बापानं ह्याच भट्टीत घातली. मी हाय की उभा! आणि पितळ मरत नाही. कितीदा पण वितळवा, परत पितळच. नीट निवडलं तर म्हातारं होत नाही ते. पण निवडायला पाहिजे, लोखंड-शिसं घुसलं की ते बिघडलं." त्यांनी बाजूला हात केला. वाळूचे साचे फोडून काढलेल्या तोट्या ओळीने ठेवल्या होत्या, नळाच्या. "हे बघा, सकाळच्या पहिल्या मुशीचा माल. ह्यातच तुमचा तांब्या."

मी उभी राहिले. पदराने डोळे पुसले. "ह्यातली एक मला द्या."

"गरम हायेत. उद्या घासून, पॉलिश करून देतो."

"मला चारच्या आत पाहिजे!"

"गार झालेली एकच हाय, पण ती रिजेक्ट. ओतताना भोक पडलंय बारीक. परत वितळवायची हाय."

"हीच द्या!"

"ताई, ही गळंल."

"गळू द्या!" मी तोटी हिसकावलीच त्यांच्या हातातून. (हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

संपतभाऊंनी दवाखान्याच्या दारात सोडलं तेव्हा पावणेचार. जिना चढून वॉर्डात शिरले. केस विस्कटलेले, तोंडावर काजळी, साडीला म्हशीचं शेण. एका हातात तोटी आणि दुसऱ्या हातात गंगेचा गडू.

मी काय केलंय ते मला कळलंच नाही.  पलीकडच्या खाटेवरच्या आजीने तोंडाला पदर लावला. नर्सच्या हातातला कागद तसाच राहिला. हे भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. छातीच्या पेशंटकडे गंगेचा गडू घेऊन सून आली! गंगेचं पाणी माणसाच्या तोंडात कधी घालतात, हे घोडेगावातल्या म्हशीलासुद्धा माहीत आहे!

मामा खाटेवर बसले होते, हिरवा झगा घालून. त्यांनी गडूकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "सगळी तयारी करूनच आलीस व्हय गं?"

"नाही हो मामा! हे... हे हंड्यात होतं!"

"हंड्यात माझा तांब्या हुता."

"तो गेला. पण हे घ्या, त्याचीच झालीये. तुमचं नाव आत आहे तिच्या." मी तोटी पुढे केली.  "मामा, माझ्या हातून चूक झाली. लई मोठी चूक झाली. पण भट्टीवाले म्हणाले, पितळ कितीही वितळवलं तरी म्हातारं होत नाही. तुम्ही सही करा. पाया पडते."

मामांनी तोटी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. भोकातून माझ्याकडे बघितलं.

"म्हंजी मी आता नळ झालो?"

आणि हसायला लागले. आधी गालात, मग पोटातून. नर्स ओरडली, "आजोबा, छातीवर ताण येईल!" तर जास्तच. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते हसू नव्हतंच. माझं मनगट घट्ट धरलं त्यांनी. हळूच म्हणाले, "तांब्याचं निमित्त केलं गं मी. मला लई भ्या वाटतंय."

त्या खणखणीत आवाजाचा अर्थ मला तेव्हा कळला. दिवसभर मी तांब्यामागे पळत होते आणि हा माणूस इथे एकटा घाबरून बसला होता. मी तशीच त्यांच्या खाटेवर टेकले, शेणाच्या साडीसकट.  

आत्याबाई उठल्या. माझ्या हातातला गडू घेतला आणि पदराखाली लपवला. "हा पाच वर्सं शोधत हुते मी," एवढंच म्हणाल्या. मग मामांकडे वळल्या. "करा सही. नाव आगीतनं जाऊन परत आलंय. आता काय व्हतंय तुमाला?"

चारला दोन मिनिटं कमी असताना मामांनी सही केली. तोटी आत नेता येणार नव्हती, ती आत्याबाईंनी मांडीवर धरून ठेवली, जाळी बसून मामा बाहेर येईपर्यंत. पाण्याचा घोट त्यांनी नर्सच्या स्टीलच्या ग्लासातून घेतला, कुरकुर न करता.

मामा आता ठणठणीत आहेत. घरी आल्यावर पहिलं काम काय केलं असेल? सुभाषशेठकडून त्या तोटीवर 'रंगनाथ' कोरून आणलं आणि ती स्वयंपाकघरातल्या नळाला बसवली. मी मोड देण्याआधी आता पाटावर बसते, आत बघते, बाहेर बघते. बैठकीत भाषण करते तेव्हा कानस हातात घेऊनच करते. बायका हसतात, हसू देत.

तोटी अर्थातच गळते. प्लंबर येऊन बघून गेला, म्हणाला, "वहिनी, हिला मोडीत द्या, दुसरी बसवू." मी मामांना विचारलं. तर ते जेवता जेवता कान टवकारून म्हणाले, "ऐक की. टिप्, टिप्, टिप्. किती टायमात पडतंय! माझ्या छातीपेक्षा बेस चाललंय. राहू दे तिला." आता ह्या माणसासमोर कानस कशी काढू?

म्हणून मी रोज तिच्याखाली पातेलं लावते. स्टीलचं, नवं. त्यावर ठसठशीत 'सौ. मंगल' असं आत्याबाईंनी मुद्दाम कोरून आणलंय. मी म्हटलं, "आत्याबाई, माझं नाव कशाला?"

"असू दे," त्या म्हणाल्या. "तुझा काय भरवसा? उद्या सोताला पन देशील मोडीत, आन् वरून कुकर घिऊन येशील."